कवळीताईंची अट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत कवळीताई म्हणते. त्यांना त्याचं काही वाटत नाही. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्या कवळ्या करतात. खोलीत मेणाचा वास, टेबलावर छोटी निळी ज्योत आणि फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, जणू सगळे मिळून कुणाला तरी हसतायत. माझ्या सासूबाईंची कवळी त्यांच्याच हातची. ती पहिल्यांदा बसवली तेव्हा सासूबाई आरशात बघून म्हणाल्या, "झकास बसली. आता सुनेला टोचून बोलायला मोकळी."

"बोला की," कवळीताई म्हणाल्या. "फक्त पहिले काही दिवस मऊ शब्द वापरा. कडक नंतर."

त्यांच्या घरातून बँजोचा आवाज येतो हे मला पुष्कळ दिवस माहीत होतं. बँजो म्हणजे डफाला लांब मान लावून तारा ओढाव्यात तसं वाद्य. आवाज खणखणीत, भांडखोर. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्या त्याच्या पाठीत जुना टॉवेल कोंबून वाजवत. तरीही माझ्या ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेला झारा त्या ठेक्यात भिंतीवर टिकटिक करायचा. अंगठ्यात एक नखी, दोन बोटांत पत्र्याच्या दोन नख्या, आणि ती तीन बोटं अशी फिरत की कोणता सूर कोणत्या बोटाचा हे बघणाऱ्याला कळू नये. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. सगळी तारांची वाद्यं, ढोल-ताशा काही नाही. ठेका तारांनीच धरायचा. आणि ते खरं ऐकायचं ते मैफिलीतलं. बंद खोलीत पुन्हापुन्हा घासूनपुसून केलेलं नाही, तर समोर माणसं बसलेली असताना, घाम येत असताना, एकदाच.

एकदा सासूबाईंची कवळी घासून आणायला वर गेले, तर त्यांनी मला बसवलं. "जरा एक ऐकता का? तुमचा कान बरा आहे. कुकरच्या शिट्ट्या तुम्ही खालून मोजता आणि मला वर येऊन सांगता."

जुनी तबकडी होती. तिच्या पाकिटावर त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, चित्र, छातीशी मँडोलिन धरलेलं. त्यांच्या वाद्यमंडळीची ती एकुलती एक मैफिलीत ध्वनिमुद्रित केलेली तबकडी. कवळीताईंनी शेवटचा तुकडा लावला. त्याला ते घरात 'पळापळ' म्हणत, नावाप्रमाणेच धावणारा. मँडोलिन वाजत होतं, बरं वाजत होतं. मध्येच श्रोते एकदम ओरडले, शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी पाय आपटले. मँडोलिन आपलं सरळ पुढे गेलं.

"इथे टाळ्या कशाला पडल्या?" मी विचारलं. "तसं काहीच झालं नाही."

कवळीताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी कितीतरी वर्षांनी त्यांच्या दाराची घंटा वाजवली असावी. "झालं होतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावते. मँडोलिन ऐकू नका. त्याच्या मागे ऐका. त्या खर्जातल्या बासच्या पोटात."

पुन्हा ऐकलं. आणि खरंच, मँडोलिनच्या खूप मागे, शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं तसा बारीक बँजो होता. टाळ्यांच्या जरा आधी त्यातला एक सूर वाकून खाली गेला, आणि जिथून निघाला होता तिथे अलगद परत येऊन बसला.

मग त्यांनी सांगितलं. या मंडळीत प्रत्येकाला एकेक पाळी मिळते. ज्याची पाळी त्यानं पुढे यायचं, बाकीच्यांनी त्याला ठेका द्यायचा. त्या संध्याकाळी 'पळापळ'मधली ती पाळी त्यांची होती. वाजवता वाजवता त्यांनी डाव्या हातानं तारेची खुंटी पिळली, सूर खाली सोडला आणि पुन्हा वर आणून बसवला. चालत्या गाडीत चाक बदलावं तसा प्रकार. लोक वेडे झाले ते त्याला. पण तबकडी आली तेव्हा त्या जागी दादा होते. प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माइक होता. दादांनी बहिणीचा बँजो काढला, घरी बसून स्वतःचं मँडोलिन वाजवून तिथे चिकटवलं, आणि टाळ्या मात्र ठेवल्या. चोर कितीही हुशार असला तरी काहीतरी विसरतोच. दादा बासचा माइक विसरले. त्यात बँजोचा आवाज झिरपलेला होता.

"विचारलंत नाही?"

"विचारलं. म्हणाला, 'धाकटे, तुझी तार उतरली होती. मी तुझी लाज राखली.' आणि हेच सगळ्यांना सांगत फिरला. तेव्हापासून मला कुणी बोलावलं नाही. ऐन मैफिलीत जिची तार उतरते तिला कोण बोलावणार?"

तबकडी पाकिटात घालताना त्यांचा हात स्थिर होता. कवळ्या करणाऱ्या बाईचा भावावर दात आहे हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि तो खोलवर बसलेला होता.

काही महिन्यांनी त्यांच्या वहिनी आल्या. वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. मंडळीत गिटार त्यांचं. मी नेमकी वर होते. मी उठायला लागले तर कवळीताई म्हणाल्या, "बसा. घरचंच आहे."

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "ह्यांना पुन्हा मैफल करायचीय. ती रेकॉर्ड करून तबकडी काढायचीय. बँजोवाल्याचं मनगट मोडलंय. ह्यांनी विचारलंय, याल का."

"त्याला तोंड नाही?"

"आहे ना. म्हणून तर मी आले."

यावर कवळीताई चक्क हसल्या. मग म्हणाल्या, "येईन. एक अट आहे. माइक एकच. मधोमध. सगळ्यांनी त्याच्यासमोर वाजवायचं."

मला वाटलं होतं, अट ऐकून दादा चपापतील. कुठलं काय. दादा मोटार चालवायला शिकवतात. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या बाजूला बसून 'डावीकडे, डावीकडे' म्हणण्यात गेलेला माणूस. त्यांना अट भलतीच आवडली. "जुनी पद्धत," ते म्हणाले, "लोकांना बघायला मजा येते." ध्वनिमुद्रण करणाऱ्या आवाजवाल्यानं त्यांना समोर बसवून समजावलं म्हणे, की साहेब, एका माइकात सगळं एका भांड्यात शिजल्यासारखं होतं. नंतर मीठ जास्त झालं म्हणून काढता येत नाही. दादा म्हणाले, "मीठ मी घालणार आहे. जास्त कसं होईल?"

सराव मोटारशाळेतच व्हायचा, भिंतीवरच्या रस्त्याच्या खुणांच्या तक्त्याखाली. चौघंच: दादा, वहिनी, कवळीताई, आणि बासवर तेव्हाचेच, आमच्या भागाचे पोस्टमन. बास माणसाहून उंच. ते तो भिंतीला टेकवून ठेवत आणि त्याला 'आमचे मोठे साहेब' म्हणत. सरावाला कवळीताई अगदी सौम्य वाजवत. दादांच्या मागेमागे, त्यांच्या चालीनं. एक दिवस जिन्यात पोस्टमन मला म्हणाले, "तुमच्या ताई फारच गरीब झाल्यात हो. मला भीती वाटते."

आणि घरी? घरी माझा झारा खिळ्यावरून पडायला लागला. मी वर गेले. टॉवेल काढून टाकलेला, खिडक्या बंद, आणि त्या 'पळापळ' अशा वेगात वाजवत होत्या की ऐकताना आपल्यालाच धाप लागावी. एक सूर चुकत नव्हता. एकेक वेगळा, दाताशेजारी दात.

"इतक्या वेगानं वाजवणार?" मी विचारलं.

"सुरुवात बँजोनं होते. जो सुरू करतो, वेग त्याचा. बाकीच्यांना त्याच वेगात यावं लागतं, नाहीतर वाटेत उतरावं लागतं." त्यांनी बोटांतल्या नख्या काढून वाटीत टाकल्या. "कवळी करताना आधी काय बघतात माहितीय? चावा कुठे बसत नाही ते. मी सरावाला दादाची बोटं बघते. तो आता अवघड जागा गाळून वाजवतो. हळू वाजवलं तर कुणाला कळत नाही."

आता सगळं माझ्या लक्षात आलं. एकच माइक, काही काढता येणार नाही, चिकटवता येणार नाही. दादा पडले तर पडलेलेच राहणार, जितक्या वेळा कुणी तबकडी लावील तितक्या वेळा.

वहिनींनाही उमगलं असावं. मैफिलीच्या आदल्या दिवशी मी वर असतानाच त्या एकट्या आल्या, चप्पलही न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"वन्सं, त्यांचे हात दुखतात. सकाळी शर्टाची बटणं मी लावून देते. कुणाला सांगितलेलं नाही."

"माझंही तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत," कवळीताई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात त्या दिवशी. तार उतरली होती?"

वहिनींनी पायपुसणं पायानं सरळ केलं. "ते म्हणाले म्हणून मला तसं वाटायला लागलं."

"तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

"नव्हती उतरली."

"मग हेच त्यानं म्हणावं. उद्या, माइकसमोर. 'हिची तार उतरली नव्हती', एवढं एकच वाक्य. मी हळू सुरू करीन. त्याच्या बोटांना झेपेल असं. शब्द देते."

वहिनी गेल्या. मला वाटलं, झालं, मिटलं. माणूस एक वाक्य बोलणार नाही का?

मैफिलीला मी सासूबाईंना घेऊन गेले. लाकडी जमिनीचा हॉल, घडीच्या खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मधोमध एकच माइक, आणि त्याच्याभोवती ही चौघं दाटीवाटीनं, फोटो काढायला उभी असावीत तशी. पण सुरू झाल्यावर ती दाटी बघण्यासारखी होती. ज्याची पाळी तो खांदा आधी घालून पुढे शिरायचा, वाद्य माइकच्या तोंडाशी न्यायचा. त्याच क्षणी आधीचा पाठ वळवून बाहेर निसटायचा. कुणाला धक्का नाही, कुणाची मान कुणाच्या डोळ्यात नाही. लहान स्वयंपाकघरात जावा-जावा वावरतात तसं. आवाज कमीजास्त करायचा तो पायांनी: जवळ आलं की मोठा, मागे सरकलं की लहान. आवाजवाला कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला. मी आधी कधी ऐकलं नव्हतं असं नाही, पण असं समोर ऐकलं नव्हतं. बासचा ठोका खुर्चीतून चढायचा, त्याच्या उलट मँडोलिनचा कोरडा टोला, गिटार मधली जागा भरत जायचं आणि वर बँजो. सासूबाई पाय आपटत होत्या. मी म्हटलं, "गुडघा दुखेल." त्या म्हणाल्या, "दुखू दे, तो घरीही दुखतोच."

शेवटचा तुकडा राहिला. दादा माइकजवळ आले. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या कशी वाट बघतायत हे मला चौथ्या रांगेतून दिसत होतं. म्हणजे निरोप पोचलेला होता.

"आता 'पळापळ'," दादा म्हणाले. "बँजोवर माझी धाकटी बहीण. मागे एकदा ऐन रंगात हिची तार उतरली होती. आज म्हणते, खुंटी घट्ट करून आणलीय. बघू या."

लोक हसले. दादाही हसले. जित्याची खोड. वहिनींनी मान खाली घातली.

कवळीताईही हसल्या. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. 'तुमचीच कवळी चुकली' असं सांगणाऱ्या माणसाला त्या असंच हसून म्हणतात, तोंड उघडा.

त्यांनी सुरू केलं. पहिल्या दोन सुरांतच पोस्टमनांनी चमकून बघितलं आणि बासच्या मानेवरची पकड बदलली. वहिनींचा गिटारवरचा हात नुसता धुरकट दिसायला लागला. बँजोची पहिली फेरी अशी गेली की कुणीतरी मूठभर नाणी जिन्यावरून सोडावीत आणि प्रत्येक पायरीवर प्रत्येक नाणं वेगळं वाजावं. लोक पुढे वाकले. फेरी संपली, त्या पाठ वळवून निसटल्या आणि दादा खांदा घालून आत आले.

एक ओळ त्यांनी वाजवली. मानी माणूस, एक ओळ खरंच वाजवली. दुसरीत बोटं एकमेकांत अडकली. त्यांनी सोडून पुन्हा धरायला बघितलं, पण सूर तोवर पुढे निघून गेलेला. सुटलेल्या गाडीमागे पिशवी घेऊन धावावं तसं झालं. मग मँडोलिन थांबलं.

अशा वेळी या मंडळींची एक रीत असते. कुणी पडलं की शेजारच्यानं त्याच क्षणी पुढे व्हायचं आणि पाळी उचलायची, श्रोत्यांना कळूही द्यायचं नाही. पोस्टमनांनी कवळीताईंकडे पाहिलं. त्या एका पावलावर होत्या. तारांवर तळवा ठेवून उभ्या. हलल्या नाहीत.

माइकसमोर दादा, हातात मुकं मँडोलिन. मागे नुसते बास आणि गिटार, ठेका देतायत आणि त्या ठेक्यावर कुणीच नाही. संपूर्ण पाळी रिकामी गेली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं, तेही माइकात गेलं असणार.

मग कवळीताई पुढे आल्या. दादांना सरकावंच लागलं. ताईंनी जे वाजवलं ते मी सांगू शकत नाही, फक्त एवढं सांगते की त्यात दयामाया नव्हती आणि चूकही नव्हती. त्याच जुन्या जागी डावा हात वर गेला, खुंटी पिळली, सूर वाकत वाकत खाली गेला, इतका खाली की वाटलं आता हा परत येत नाही, आणि तो सावकाश वर येऊन आपल्या घरी बसला. टाचणी ठेवायला फट नाही. लोक उभे राहून ओरडले. सासूबाईही ओरडल्या, कवळी जागची हलली नाही.

पुढची हकिकत पोस्टमनांनी जिन्यात सांगितली, हातातली पत्रं तशीच धरून. दादांनी मोटारशाळेत सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, शेवटचा तुकडा तबकडीतून काढू. आवाजवाला म्हणाला, पूर्ण तुकडा काढता येईल, तेवढं शक्य आहे.

"मग मी म्हटलं," पोस्टमन म्हणाले, "सगळ्याच तुकड्यांत मी आहे, दादा. हा काढलात तर मला सगळीकडून काढा. एका माइकातून मला कसं काढणार ते तुमचं तुम्ही बघा. मागच्या वेळी मी गप्प बसलो. बासवाला म्हणजे गप्पच, असं लोक धरून चालतात."

"आणि दादा?"

"ते वहिनींकडे वळले. वहिनी म्हणाल्या, माझंही गिटार काढा. आणि घरी उद्यापासून बटणंही तुमची तुम्ही लावा." पोस्टमन इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "हे बटणांचं काय ते मला कळलं नाही. पण दादा एकदम बसले खाली."

तबकडी आली. शेवटचा तुकडा तिच्यात आहे. दादांचा विनोद, लोकांचं हसू, ती सुटलेली गाडी, ती रिकामी पाळी, खोकला, आणि मग बँजो. ज्यांनी ज्यांनी इतकी वर्षं 'उतरली होती' म्हटलं त्यांच्या घरी ती गेली. कवळीताईंना आता बोलावणी येतात. पण त्या घरी तबकडी लावतात तेव्हा स्वतःची पाळी ऐकत नाहीत, हे मी खालून ओळखते. रिकामी पाळी संपली की पुन्हा मागे नेतात.

एकदा मी म्हटलं, "ताई, झालं की आता."

"सुंभ जळाला," त्या म्हणाल्या. "पीळ आहे अजून थोडा."

तो उरलेला पीळ कसा गेला ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. सासूबाईंची कवळी सैल झाली म्हणून दवाखान्यात गेलो होतो. आतल्या खुर्चीत दादा. त्यांचे पुढचे दात पडले होते आणि जबड्याचं माप चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी तोंडात गुलाबी लगदा भरलेला साचा बसवला, आणि शेजारच्या खोलीत दुसरा रोगी कळवळला म्हणून कवळीताईंना हाक मारली, "जरा धरता का, घट्ट होईपर्यंत?"

कवळीताई आल्या. एका हातानं साचा धरला. दुसऱ्या हातानं फळीवरचा प्लेअर चालू केला. दवाखान्यात नेहमी काहीतरी मंद लावलेलं असतं. आज 'पळापळ' होतं.

दादांनी डोळे मोठे केले. तोंड भरलेलं. त्यांचाच आवाज खोलीत घुमला: मागे एकदा ऐन रंगात हिची तार उतरली होती. मग बँजो. मग एक ओळ मँडोलिन. मग बास आणि गिटार, नुसते. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हाच का तो?" मी त्यांचा हात दाबला. रिकामी पाळी हॉलमध्ये वाटली होती त्याहून इथे लांब वाटली. मग बँजो आला, सूर खाली गेला, वर आला, बसला, आणि टाळ्या.

"दादा," कवळीताई अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "तार बरोबर होती ना रे? आत्ताची नाही. तेव्हाची."

दादांची मान हलायला लागली.

"मान हलवू नकोस, माप बिघडेल. बोट वर कर."

दादांनी खुर्चीच्या हातावरचा हात उचलला. बोट सहज सरळ होत नव्हतं. त्यांनी ते वेळ घेऊन, एकेक पेर करत सरळ केलं आणि वर धरलं.

कवळीताईंनी ते नीट पाहून घेतलं. मग प्लेअर बंद केला, साचा एका झटक्यात सोडवला आणि खिडकीच्या उजेडात धरून तपासला. "छान आलंय," त्या म्हणाल्या. "चूळ भर. दात मी स्वतः करते, काळजी करू नकोस. चावा मला माहितीय तुझा."